गार हौदा

"कोण पाहिजे? हे घरी नाहीत, खाणीवर गेलेत," सायकाल जेंगे फाटकाशी येऊन म्हणाल्या. आणि ज्यांच्याबद्दल म्हणाल्या ते 'हे' त्यांच्या समोरच डंपरच्या केबिनमधून खाली उतरत होते.

कोचकोरबाय पायरीवरच थांबला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी शेजारच्या सीटवर होतो. मला हसू आलं. त्या दिवशी मला हसू आलं होतं, हे मी आजही लपवत नाही.

"अगं, मीच आहे. आपलीच गाडी. तुझ्या ठिणगीनं तिला नवा गळा बसवलाय."

"चहा टाकलेला नाही," जेंगे म्हणाल्या. म्हणजे चूक आमची.

ठिणगी म्हणजे मी. माझं नाव तुर्दाकुन, पण नवऱ्याच्या धाकट्या भावाचं नाव बाईनं घ्यायचं नाही ही आमची रीत. कोचकोरबाय काही माझा सख्खा भाऊ नव्हे. सामूहिक शेतीच्या दिवसांत एकाच गॅरेजात आम्ही हात काळे केले, तो नऊ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला बायके म्हणायचो आणि त्याच्या बायकोला जेंगे. वेल्डिंग करताना एकदा माझी टोपी पेटली होती. तेव्हापासून त्यांनी मला ठिणगी केलं ते कायमचं.

जेंगेंचे डोळे चार वर्षांपूर्वी गेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण कान असे की खाणीवरून उतरणारी गाडी कबरस्तानाच्या वळणावर आली की ती भरलेली आहे की रिकामी हे त्या सांगायच्या. बायकेची गाडी वळणावर आली की समोवारमध्ये निखारे टाकायचे. तो फाटकात पोचेपर्यंत पाणी उकळलेलं. डोळे असतानाही हेच चालायचं. तीस वर्षांत त्या माणसाला घरी आल्यावर चहाची वाट बघावी लागली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा लागली.

मग जेंगे हातानं चाचपत गाडीच्या कडेनं चालल्या आणि दोन्ही तळवे हौद्याला लावून उभ्या राहिल्या. हीसुद्धा जुनी सवय. आमच्याकडच्या या डंपरांत इंजिनाचा धूर हौद्याच्या तळातल्या पोकळ पट्ट्यांतून फिरवून बाहेर सोडलेला असतो. हौदा तापतो, आणि ओला कोळसा थंडीत तळाला चिकटत नाही. हिवाळ्यात बायके आला की जेंगे आधी हौद्याला हात शेकायच्या, मग नवऱ्याला विचारायच्या कसा आहेस.

"हौदा गार का?" त्यांनी विचारलं.

"धूर आता तिथून फिरत नाही, जेंगे," मी म्हणालो. "सरळ मागनं बाहेर. म्हणून तर इंजिन मोकळं झालंय."

"आणि थंडीत?"

"थंडीला अजून दीड महिना आहे. पहिल्या बर्फाआधी परत जोडून देतो."

"विसरशील."

"मी विसरेन, पण हा विसरेल का? त्याचंच पोट आहे त्यावर."

जेंगे तळवे झग्याला पुसून आत गेल्या.

ही सगळी उठाठेव करायची पाळी का आली तेही सांगतो. बायकेची गाडी शहाऐंशी सालची. शेती मोडली तेव्हा कुणाला मेंढ्या मिळाल्या, कुणाला जमीन, याच्या वाट्याला हा डंपर आला. तीस वर्षं त्यानं त्यावर कोळसा वाहिला, मुलगी शिकवली, ती मॉस्कोत नोकरीला लागली. पण त्या वर्षी खाणीच्या मुकादमानं नवा नियम काढला. चढावर हळू चालणाऱ्या गाड्या रस्ता अडवतात, म्हणून दहाच्या आत जो वर पोचणार नाही त्याचा त्या दिवसाचा नंबर गेला. बायकेची गाडी पहिल्या गिअरमध्ये, काळा धूर ओकत, माणूस चालतो त्या वेगानं चढायची. मागून चिनी गाड्यांवरची पोरं हॉर्न मारायची. एकानं तर खिडकीतून ओरडून विचारलं, "आबा, ढकलू का?" आठवड्यात चार दिवस तो रिकाम्या हौद्यानं परत आला आणि पाचव्या दिवशी गाय विकून माझ्याकडे आला.

"एवढ्यात काय होईल?" खिशाला हात लावून तो म्हणाला.

"एवढ्यात इंजिनाला अत्तर लावता येईल," मी म्हणालो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. पण मीही काही कमी नव्हतो. भंगारातून इंजिन उठवून दाखवणारा मिस्त्री म्हणून माझं नाव होतं, आणि मला ते नाव आवडायचं.

एअर फिल्टर काढला तर जीव हळहळला. सगळे ड्रायव्हर करतात तेच यानंही केलेलं. टायरवर आपटून आपटून झाडलेला, दोनदा डिझेलमध्ये धुतलेला, कागदाला बोट जाईल एवढी भोकं. इंजिन दहा वर्षं कोळशाची धूळ खात होतं. एका उलटलेल्या चिनी गाडीचा बादलीएवढा फिल्टरचा डबा मी भंगारवाल्याकडून आणला. त्याचा आतला कागद बाजारात स्वस्त मिळतो. हवेची नळी केबिनच्या वर चढवली, धुळीच्या वर श्वास घेता यावा म्हणून. नळी म्हणजे माझ्याच घरच्या जुन्या शेगडीचं धुराडं. बायको अजून त्यावरून बोलते.

राहिला धूर. हौद्याच्या पट्ट्यांत मी सळई घातली ती हातभर जाऊन थांबली. तीस वर्षांची काजळी आणि गंज. इंजिनाला श्वास घेता येत होता आता, पण सोडता येत नव्हता. पट्ट्या साफ करायच्या तर हौद्याचा तळ कापायचा, नवा पत्रा घालायचा. त्याला आणखी एक गाय लागली असती आणि ती नव्हती. मी हौद्याकडे जाणारा पाईप कापला, तोंडावर चकती मारून बंद केला आणि बसच्या एका सायलेन्सरला सरळ पाईप जोडून दिला. हौद्यासाठी मध्ये झडप बसवायची, पाऊण धूर बाहेर आणि पाव हौद्यात, हे माझ्या डोक्यात होतं. झडप हाताशी नव्हती. ती नंतर, असं ठरलं.

आम्ही दोघं चढावर गाडी घेऊन गेलो. जिथं पहिला गिअर लागायचा तिथं तिसरा लागला. बायकेनं खिडकीची काच खाली केली आणि आवाज ऐकत राहिला. एकसष्ट वर्षांचा माणूस, तोंडभर हसत होता.

"तुर्दाकुन," तो म्हणाला, "म्हातारीला पुन्हा नवरी केलीस तू."

मला फार बरं वाटलं. आजवर केलेल्या कामांत ते काम मला सगळ्यांत चांगलं वाटलं होतं.

पुढचा महिना त्याचा होता. आठच्या ठोक्याला वर, कधी दोन खेपा. हॉर्न मारणारी पोरं मागं राहिली. जेंगेंनी आठ दिवसांत नवा आवाज पाठ केला. तो इतका मोकळा की वळणाच्या दोन वळणं आधीपासून ऐकू यायचा. मग चहा फार लवकर व्हायचा आणि निवायचा. त्यावरूनही घरात चेष्टा चालायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी बायके माझ्या दारात आला. मी नवा कोट घालून निघालेलो. पुतण्याच्या घरी बारशाची मेजवानी होती, घोडा कापलेला.

"वर रात्रीचं पाणी गोठायला लागलंय. हौद्याचं ते तेवढं जोडून टाक," तो म्हणाला.

"आज? झडप मिळालीय, पण दिवसभराचं काम आहे ते. सोमवारी ये, बायके. आकाश बघ कसं स्वच्छ आहे."

त्यानं आकाशाकडे बघितलं. "सोमवारी तर सोमवारी," म्हणाला आणि गेला. जाताना माझ्या कोटाची कॉलर नीट करून गेला.

शनिवारी बर्फ पडलं.

मी तिथं नव्हतो. ज्यांनी बघितलं त्यांनी सांगितलं. खाणीवर ओला कोळसा भरला, वर बर्फ. घाटातून चार तास गार वारा खात गाडी बालिकचीच्या स्टेशनवर पोचली. हौदा उचलला तर सगळा कोळसा एकसंध तळाला चिकटलेला. बाकीचे म्हणाले, "थांबा, हौदा खाली घ्या, आग करू." बायके म्हणाला, दुसरी खेप व्हायचीय. पहार घेऊन तो मागच्या फाळक्याशी गेला. असं सगळेच करतात, मीही तरुणपणी केलंय. तिसऱ्या की चौथ्या घावाला कोळसा सुटला, पण एका बाजूचा नाही, सगळाच्या सगळा, एका लादीसारखा. फावड्यांनी त्याला बाहेर काढायला पाव तास लागला. सोमवार उजाडायच्या आत त्याला माती दिली.

आमच्याकडे मयताच्या घरी पुरुषांनी मोठ्यानं रडत अंगणात शिरायचं असतं. मयतासाठी अंगणात उभारलेल्या तंबूच्या दाराशी पोचेपर्यंत गावाला ऐकू गेलं पाहिजे. मी फाटकापासून तंबूपर्यंत चाललो आणि घशातून आवाज फुटला नाही. लोकांनी बघितलं. कुणीतरी म्हणालं, धक्का बसलाय बिचाऱ्याला.

चाळिसावा झाल्यावर मॉस्कोहून आलेली मुलगी परत जायला निघाली. गाडी विकायचं ठरलं. कोचकोर गावचा एल्दोस नावाचा पोरगा घ्यायला तयार होता, नुकतंच लग्न झालेला, पहिलीच गाडी. जेंगेंनी मला बोलावलं. घरात आम्ही दोघंच होतो. त्यांनी चहा ओतला, वाटीच्या कडेला बोट धरून, एक थेंब न सांडता.

मी रात्रंदिवस जे घोकत होतो ते बोलून टाकलं. "जेंगे, तो मंगळवारी माझ्याकडे आला होता. मी मेजवानीला गेलो. त्याला सोमवारी ये म्हणालो."

"माहीत आहे. घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी."

म्हणजे चाळीस दिवस त्यांना माहीत होतं. मी येत होतो, लाकडं फोडत होतो, त्या मला चहा देत होत्या.

"मला शिव्या द्या," मी म्हणालो.

"तुर्दाकुन," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझं नाव घेतलं. मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. "शिव्या देऊन मला काय मिळणार? हौदा जोड."

"त्याला आता चकती काढून झडप बसवली की—"

"झडप नको. पट्ट्या बुजल्यात हेही त्यांनी सांगितलं होतं. मग पाव धुरानं काय तापणार आहे? तळ काप. पट्ट्या साफ कर. होतं तसं कर."

"जेंगे, मग आवाजही पहिलाच येईल. तो पोरगा याच रस्त्यानं जाणार रोज."

त्यांनी माझी वाटी पुन्हा भरली. मग म्हणाल्या, "येऊ दे. त्याची बायको माझ्या मुलीपेक्षा लहान आहे."

मी हौद्याचा तळ कापला. बारा दिवस लागले. पट्ट्यांतून दोन पोती काजळी निघाली. पत्रा माझ्या गॅरेजच्या दाराचा घेतला, दाराला ताडपत्री लावली. तेव्हा गाय नव्हती म्हणून जे जमत नव्हतं, ते आता बिनपैशांचं जमलं. मला माझ्यावरच थुंकावंसं वाटलं. फिल्टर मात्र नवाच ठेवला. साफ झालेल्या पट्ट्यांतून धूर सुरळीत जाऊ लागला आणि गाडी चढही चांगली चढली. तेव्हाच असं करता आलं असतं. हे मला कुणी सांगायला नको.

सौद्यात जेंगेंनी एल्दोसकडे एकच अट घातली. भरलेली पहिली खेप त्यानं फाटकाशी थांबवायची. म्हातारीचा हट्ट म्हणून तो हो म्हणाला.

त्या दिवशी मी त्यांच्या अंगणात लाकडं रचत होतो. दुपारी बर्फ भुरभुरत होतं. कबरस्तानाच्या वळणावर आवाज आला. जुना, जड, पांघरुणातून यावा तसा. माझ्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. जेंगे ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचा हात समोवारकडे गेला, झाकणाला लागला. निखारे टाकायचा चिमटा त्यांनी उचलला आणि परत जागेवर ठेवला.

"भरलेली आहे," त्या म्हणाल्या. "बेतानं चालवतोय."

गाडी फाटकाशी थांबली. एल्दोसनं इंजिन चालूच ठेवलं आणि खिडकीतून सलाम केला. जेंगे काठी टेकत गेल्या. हातमोजे काढून खिशात घातले, चाचपत हौद्याशी पोचल्या आणि दोन्ही तळवे त्याला लावले. वर कोळशावर बर्फ वितळून त्याचे ओघळ खाली येत होते. त्या तशाच उभ्या राहिल्या, कपाळसुद्धा पत्र्याला टेकवून. पोरानं माझ्याकडे बघितलं, काय करू म्हणून. मी त्याला हातानंच थांब म्हणालो.

बऱ्याच वेळानं त्या बाजूला झाल्या.

"ठिणगी," त्या म्हणाल्या, "त्याला सांग, जा आता. घरी वाट बघत असेल कुणी."