वाळलेली कणीक

मित्रांनो, शाळेतून येता-जाता तुम्ही माझ्या अंगावर थापा मारता, त्याचा मला राग नाही. या वयात रागवायलाही अंगात त्राण लागतं. तुम्ही मला ढोलकी म्हणता, तेवढं मात्र मनाला लागतं. मी पखवाज आहे. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये पोट सुटलेला, शिसवाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेला. मुकुंदवाडीतल्या या घरात कोपऱ्यातल्या गोधडीवर मी पडून असतो. आलाच आहात तर बसा थोडं. माझी गोष्ट फार लांब नाही, पण मी ती सावकाशच सांगणार. घाई करणाऱ्यांच्या हाताखाली माझी बरीच वर्षं गेली आहेत.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन दहा वर्षं झाली असतील. तेव्हाच्या औरंगाबादेत बन्सी नावाच्या कारागिराने मला घडवलं. गिऱ्हाईक तीनदा येऊन गेलं आणि तिन्ही वेळा "अजून लाकूड वल्लं हाय" म्हणून त्याने त्यांना परत पाठवलं. बन्सीला कुणाची घाई कधी कळलीच नाही. माझ्या उजव्या तोंडावर त्याने काळा लेप घोटून घोटून बसवला. तो कायमचा असतो. डाव्या तोंडाचं तसं नाही. तिथं वाजवण्याआधी दर वेळी कणकेचा ओला गोळा थापावा लागतो. हो, तुमच्या आईच्या परातीतली गव्हाची साधी कणीक. ती ओली असली की माझा 'धा' पोटातून निघतो. वाळली की मी लाकडी पाटासारखा टकटक वाजतो. मला गिऱ्हाइकाच्या हवाली करताना बन्सी एवढंच म्हणाला, "डाव्याला उपाशी ठिवू नका."

गिऱ्हाईक म्हणजे उस्मानपुऱ्यातलं एक भजनी मंडळ, आणि मंडळाचे कर्तेधर्ते होते मधुसूदनराव. सरकारी कचेरीत कारकून. निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले, नंतर मराठीतून टिपणं लिहू लागलेले, पण एक उर्दू शब्द त्यांच्या तोंडातून कधी गेला नाही, बाकायदा, म्हणजे नियमाला धरून. "सगळं बाकायदा झालं पाहिजे," असं ते उठता-बसता म्हणत. माणूस प्रामाणिक. पखवाजाचा कान असलेला. त्यांनी दर रामनवमीला पखवाजवादनाची स्पर्धा सुरू केली आणि तिचे परीक्षक ते एकटेच.

स्पर्धेची रीत अशी. कुणी महागडं वाद्य आणून भाव खाऊ नये म्हणून सगळ्यांनी मलाच वाजवायचं. पेटीवर एकच धून फिरत राहायची, प्रत्येकाला दहा मिनिटं. जो पहिला येईल त्याने मला वर्षभर आपल्या घरी न्यायचं. ढाल नाही, पेला नाही, मीच बक्षीस. सुरुवातीच्या वर्षांत मला याचा भारी अभिमान वाटे. दिवसभर वीस-वीस जणांचा मार खाऊन संध्याकाळी हार घालून मिरवत जायचो.

गुणांच्या कागदावर मधुसूदनराव दोन रकाने आखत. पहिला तयारीचा, म्हणजे हात किती जलद आणि किती चोख चालतो त्याचा. दुसरा नादाचा, म्हणजे त्या वाजवण्यात वजन किती, रंग किती, थांबणं किती. दोन्हींना पन्नास-पन्नास. तयारीचे गुण ते शाईने लिहीत. नादाचे पेन्सिलने लिहीत आणि शेवटपर्यंत खोडत बसत. स्पर्धक यावरून त्यांची चेष्टा करायचे. पण मला त्यांची कीव यायची. वेग मोजता येतो, मित्रांनो. नाद ऐकावा लागतो, आणि आपण नीट ऐकलं की नाही ही शंका प्रामाणिक माणसाला छळत राहते.

एका वर्षी कणकेवरून भांडण पेटलं. एकाने बोटभर जाड गोळा थापला, पुढच्याने तो सगळा खरवडून काढला आणि तिसऱ्याने मंडप डोक्यावर घेतला. तेव्हा मधुसूदनरावांनी नियम केला. कणीक त्यांच्या पत्नी यमुनाबाई घरून मळून आणतील, सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा त्याच ती लावतील, आणि स्पर्धकाने डाव्या तोंडाला बोटसुद्धा लावायचं नाही. सगळ्यांना सारखी कणीक. बाकायदा.

बद्रीनाथ पहिल्यांदा आला तो या नियमानंतर. मुकुंदवाडीचा शेतकरी गडी, सायकलवर आलेला, धोतराला गिरणीचं पीठ लागलेलं. घरी त्याचा स्वतःचा पखवाज नव्हता. गावच्या देवळात एक फुटका होता, त्यावर शिकलेला. पण त्याने डावा हात माझ्यावर ठेवला आणि मला बन्सीची आठवण झाली. तो सावकाश वाजवायचा. एक 'धा' द्यायचा आणि तो विरेपर्यंत पुढच्याला धरून ठेवायचा. मांडवात बोलणारी माणसं आपोआप गप्प व्हायची. दोन वर्षं तो दुसरा आला. जलद वाजवणारे पुढे जात, पण एक-दोन गुणांनीच.

तिसऱ्या वर्षी मी मनातून ठरवूनच बसलो होतो की यंदा मुकुंदवाडीला जायचं. आपल्याला कुठे जायचं ते वाद्याने ठरवायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी ठरवलं. बद्रीनाथच्या पिशवीतून एक कापड डोकावत होतं. त्याची बायको मनकर्णाबाई, तिने जुन्या लुगड्याची गवसणी शिवली होती. वाद्याला घालायची खोळ. माझ्यासाठी! कुणाला तरी तो सांगत होता, "घरून निघताना म्हनली, मोकळी गवसनी घिऊन आलात तर दारात घ्यायची नाय तुम्हाला." आणि हसत होता.

त्या वर्षी मंडळाला नवे अध्यक्ष लाभले होते, तात्यासाहेब. त्यांनी हौसेने एक उभा पंखा आणून दिला. चैत्रातलं ऊन, वाजवणाऱ्याला घाम फुटतो, म्हणून तो बैठकीवर लावला. नेमका माझ्या डाव्या बाजूला. जेवणानंतर यमुनाबाईंनी कणीक थापली आणि तासाभरात त्या पंख्याने ती खडखडीत करून टाकली. मला माझी कातडी आवळल्यासारखी होत होती. मधुसूदनराव लांब बसलेले, मध्ये भोंगा. त्यांना काय कळणार?

वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरे, त्यात शेवटची चिठ्ठी बद्रीनाथची निघाली. त्याच्या आधी केशव वाजवून गेला, उस्मानपुऱ्यातलाच बँकेतला पोरगा. केशवचा हात पाण्यासारखा चालायचा, खोटं कशाला बोलू. उजव्या हाताची बोटं दिसतसुद्धा नव्हती. टाळ्या थांबेनात. त्या वेगात डाव्या हाताखाली काही उरलेलं नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग बद्रीनाथ बसला. त्याने मला मांडीशी घेतलं, एकच बोट डाव्या तोंडाच्या कडेला टेकवलं आणि वर पाहिलं.

"मधुसूदनराव, कनिक पार वाळलीय. जरा वल्ला हात फिरवू द्या."

"बद्रीनाथ, नियम तुला ठाऊक आहे. याच कणकेवर केशव वाजवून गेला ना आत्ता?"

"गेला की. पर त्याला ती लागतच नव्हती."

लोक हसले. मधुसूदनरावांना ते हसणं आपल्यावर आहे असं वाटलं. ते ताठ झाले. "निमित्तं नकोत. नियम सगळ्यांना सारखा. सुरू कर."

मित्रांनो, मला तोंडं दोन आहेत, पण बोलता एकानेही येत नाही. बद्रीनाथने त्याच्या रिवाजाप्रमाणे सावकाश 'धा' दिला आणि तो जागीच मेला. टक. त्याने पुढच्या बोलासाठी जागा सोडली, तर त्या जागेत पंख्याची घरघर ऐकू आली. भरून ठेवायला नादच नव्हता. जलद वाजवून त्याला ते झाकता आलं असतं. त्याने झाकलं नाही. दहा मिनिटं तो तसाच, आपल्या चालीने वाजवत राहिला. लोक चुळबुळ करू लागले. मी जीव तोडून गुंजायचा प्रयत्न केला, पण उपाशी पोटी गुंजणार कसा?

तीन गुणांनी केशव पहिला आला. बद्रीनाथने रिकामी गवसणी घडी करून पिशवीत तळाशी घातली, मला एकदा नमस्कार केला आणि सायकल काढली. पुढच्या रामनवमीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्या निकालातून सगळ्यांनी एकच धडा घेतला. जिंकायचं तर पळायचं. पुढच्या वर्षांत जो येई तो तुफान होऊनच येई. माझे लाकडी गट्टे ठोकून ठोकून मला वरच्या सुरात चढवलं गेलं, ताणाच्या चामडी वाद्या तुटल्या, एकदा उजव्या तोंडाची पुडी स्पर्धेतच फाटली. मी घरोघर फिरलो. हार घातले गेले, नंतर कपाटावर ठेवलं गेलं, वर्षाने धूळ झटकून परत आणलं गेलं. एका घरात माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत. पेन्सिलीचा रकाना मधुसूदनराव भरत राहिले, पण आता खोडत नसत. मला वाटतं, ते थकले होते. मीही थकलो होतो. स्पर्धा बंद पडली तेव्हा दोघांनाही फारसं वाईट वाटलं नाही.

मधुसूदनराव निवृत्त होऊन पुंडलिकनगरात राहायला गेले. मला तिकडे नेलं आणि दिवाणाखाली सारलं. तिथं किती वर्षं गेली ते मोजलं नाही. यमुनाबाई गेल्या, ते मला रडण्यावरून कळलं.

मग एक दिवस, उन्हाळ्यातच, म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे. त्यांनी मला बाहेर ओढलं, पुसलं, स्वतः कणीक मळून लावली आणि दोन-चार बोल वाजवले. चार दिवसांच्या आजाऱ्यासारखा का होईना, मी गुंजलो. ते खूश झाले. तेवढ्यात कुणी भेटायला आलं. चहा झाला, गप्पा झाल्या. टेबलावरचा पंखा माझ्याकडे तोंड करून चालू राहिला. पाहुणा गेल्यावर ते पुन्हा बसले आणि डावा हात मारला.

टक.

त्यांनी पुन्हा मारला. मग कणकेवर बोट टेकवलं, अगदी तसंच, कडेला. पंख्याकडे पाहिलं. उठून तो बंद केला.

"त्याने मागितलं होतं पाणी," ते म्हणाले. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात ते आणि मी मुकुंदवाडीला आलो. बद्रीनाथच्या शेतात तोवर प्लॉट पडले होते, अंगणाएवढीच जमीन उरली होती. तो पायरीवर बसला होता, केस पांढरे झालेले.

"बद्रीनाथराव, ओळखलंत का?"

"आवो, या की! अरे-तुरेच करा मला, तेच बरं वाटतं."

मधुसूदनराव बसलेसुद्धा नाहीत. "त्या दिवशी कणीक वाळली होती. पंख्याने. मला काल कळलं."

"मला तवाच ठाऊक व्हतं," बद्रीनाथ शांतपणे म्हणाला. "मी म्हनलो पन व्हतो तुम्हाला."

"हो. म्हणाला होतास." मधुसूदनराव म्हणाले. "माझा नियम होता ना."

आत भाकरी-पोळीचं चाललं होतं. मनकर्णाबाई दारात आली, तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन परातीतला गोळा घेऊन आली. "घ्या. लई वर्सांनी आलंय, तसंच परत पाठवता का काय?"

बद्रीनाथने कणीक थापली, कडेने ओलं बोट फिरवलं आणि 'धा' दिला. मित्रांनो, तो माझा आवाज होता. मीच विसरलो होतो. पण पुढचं खरंही सांगतो. दोन मिनिटांत त्याचा हात आखडला. जागा सोडायचा, पण पुढचा बोल वेळेवर सापडायचा नाही. त्या रामनवमीनंतर एकदाही न वाजवलेला हात तो. त्याने थांबून कपाळ पुसलं.

"किती दिले, मधुसूदनराव?"

म्हाताऱ्याला खोटं बोलता आलं असतं. त्या घरात त्या दिवशी ते कुणालाही आवडलं असतं. "नादाचे पन्नासपैकी तीस," ते म्हणाले. "हात आखडलाय तुझा."

"आन् त्या दिवसाचे?"

"ते मी ऐकलंच नाही रे. न ऐकलेल्याचे गुण कुठून आणू?"

बद्रीनाथने माझ्या डाव्या तोंडावर हात ठेवला. त्याचा हात गरम होता. मग तो म्हणाला, "तीस तर तीस. पर शाईनं लिहा."

मधुसूदनरावांनी खिशातलं पेन काढलं, कॅलेंडरचा कोपरा फाडला आणि त्यावर तीस लिहिले. खाली सही केली, तारीख घातली. जाताना त्यांनी मला उचललं नाही. मनकर्णाबाईने ती जुनी गवसणी शोधून काढली. इतकी वर्षं तिच्यात तुरीचं बी ठेवलेलं असायचं. तिने ती मला घालून पाहिली तर चार बोटं आखूड निघाली. बिचारीने मला कधी पाहिलंच नव्हतं, नवऱ्याने हात पसरून दाखवलं तेवढ्यावर शिवली होती.

म्हणून माझं डावं तोंड अजून उघडंच असतं. मधुसूदनराव आता नाहीत. बद्रीनाथचे हात रोज थोडा वेळ चालतात, पण तो थकतो. वाजवायला तुम्हीच आहात. तेव्हा एवढं करा. थाप मारण्याआधी त्या उघड्या तोंडावर बोट टेकवून पाहा. वाळलं असेल तर मनकर्णाआजीला हाक मारा, ती कणकेचा गोळा आणून देईल. मग हवं तसं वाजवा, जलद वाजवा, सावकाश वाजवा. आणि माझा आवाज कसा आहे ते त्यानंतर सांगा.