दहा गिगाहर्ट्झच्या पुढे

त्या गुरुवारी सकाळी बाबांनी इस्त्रीच्या टेबलावरच कनेक्टर मांडला होता. डोळ्याला भिंग लावून ते त्याच्या पिना मोजत होते, जणू रात्रीतून एखादी पळून गेली असावी.

"अहो बाबा, तेवढ्याच आहेत," मुलगी म्हणाली. "माझी इस्त्री राहिलीय."

"मग चुकलं कुठं?" त्यांनी पंजा पुढे धरला. "बघ जरा. थरथरतो का गं?"

हात स्थिर होता. तिने तसं सांगितलं आणि चुरगळलेलाच सदरा अंगात चढवला.

कारखान्यातून नवे सर्किट बोर्ड येऊन एकोणीस दिवस झाले होते. वेग वाढवला की त्यांच्यावरच्या सिग्नलचा पार विचका होत होता. बोर्ड बनवण्याआधी दोन बोर्ड जोडणाऱ्या कनेक्टरमधून सिग्नल कसा जाईल हे संगणकावर तपासायचं असतं, आणि त्यासाठी कनेक्टरचं मॉडेल लागतं. एक तर कनेक्टरवाली कंपनी देते ते सर्किटचं मॉडेल, नाही तर खरा कनेक्टर यंत्राला जोडून मोजलेल्या आकड्यांची फाइल. बाबा मोजणाऱ्यांतले. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस ते प्रयोगशाळेत जात. ऑफिसात सगळे त्यांना मास्तर म्हणत. तिथेच बोर्डांची रचना करणारी तीही मास्तरच म्हणे.

"मोजलेली फाइल खोटं बोलत नाही," ते सांगत. "पण मोजलं तेवढंच तिला विचारा. पुढचं विचारलंत, तर सॉफ्टवेअर तिच्या तोंडी आपले शब्द घालतं."

म्हणून प्रत्येक फाइलच्या डोक्यावर ते एक ओळ लिहीत. या कनेक्टरच्या फाइलवर लिहिलं होतं: दहा गिगाहर्ट्झपर्यंतच. पुढे नेऊ नये.

नवं सॉफ्टवेअर असल्या ओळींवर अडखळायचं, म्हणून तिने एका झटक्यात सगळ्या फाइलींच्या वरच्या ओळी उडवल्या होत्या. सहा महिन्यांनी त्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त वेगाच्या बोर्डसाठी तिनेच ही फाइल निवडली. पडद्यावर सगळं छान दिसलं.

बोर्ड आल्यावर पाचव्या दिवशी तिने जुनी प्रत उघडली आणि ती ओळ वाचली. तोवर मोजण्यातच चूक झाली, मास्तरांचं वय झालं, हे ऑफिसात ठरून गेलं होतं. उद्या सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं.

"वय झालं म्हणतात ते खरंच असेल," भिंग पुसत बाबा म्हणाले. "तुला काय वाटतं?"

"काहीतरीच काय बाबा! संध्याकाळी बोलू."

"बोलू. आज पुन्हा मोजून आणतो. आणि तो सदरा बदल, गाढवाने चघळल्यासारखा दिसतोय."

दुपारी सव्वातीनला ते प्रयोगशाळेत यंत्रासमोरच कोसळले. ती इस्पितळात पोचली तेव्हा सही करण्याखेरीज काही उरलं नव्हतं. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ दाराशी उभा होता, बाबांचा चष्मा हातात धरून.

"सकाळपासून तेच चालू होतं, ताई," तो म्हणाला. "अकरा वेळा मोजलं. दर वेळी तेच आकडे. तरी म्हणायचे, एकदा अजून बघू."

तीन आठवड्यांनी खातेप्रमुखांनी बैठक बोलावली. यापुढे कुठली मॉडेलं वापरायची, हे ठरवायचं होतं.

"सर्किटचीच वापरू," ते म्हणाले. "मोजलेल्या फाइली बंद. मास्तरांचा संग्रह सर्व्हरवरून काढून टाकू." मग त्यांचा आवाज खाली आला. "माणूस सोन्यासारखा होता गं. पण शेवटी शेवटी हात चुकला. घरचं माणूस म्हणून तुला आधी विचारतो. चालेल ना?"

शेजारच्याने पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. बाकीचे टेबलाकडे बघत बसले. नुसती मान हलवली असती, तरी जन्मात कुणी तिला काही विचारलं नसतं.

तिने ग्लास बाजूला केला.

"हात त्यांचा नाही चुकला," ती म्हणाली. "दहाच्या पुढे नेऊ नये, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. ती ओळ मी काढली, आणि पुढे मीच नेलं. ते जायच्या दोन आठवडे आधी मला हे कळलं होतं. घरी ते रोज विचारायचे, माझं कुठं चुकलं म्हणून. मी सांगितलं नाही."