तळाची जाळी

शनिवारी सकाळी साडेअकराला नीलम गजभियेच्या फोनवर एक ओळ उमटली : ‘दामले व्हिला : सफाई सुरू.’

ती दिल्लीजवळ, सेक्टर बावन्नमधल्या एका घरी फिल्टर उघडून बसली होती. हात तसेच ओले ठेवून तिने फोन उचलला आणि ओळ पुन्हा वाचली. दामल्यांचा पंप तिने स्वतः काल दुपारी बंद केला होता.

घरगुती जलतरण तलावांमध्ये आपोआप सफाई करणारी यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत नीलम सर्व्हिस इंजिनिअर होती. मूळची भंडाऱ्याची. आधी मानेसरच्या एका कारखान्यात सहा वर्षं मशीन सांभाळली, मग इथे. यंत्रणा तशी साधी. तलावाच्या फरशीत बसवलेली तोंडं पाळीपाळीने वर येतात, जोरात पाणी सोडतात आणि तळाचा गाळ खोल टोकाकडे ढकलतात. तिथे दोन जाळ्या असतात. पंप त्यांतून पाणी ओढून घेतो. जाळ्या दोन का, तर एकीवर काही अडकलं तरी दुसरीतून पाणी जात राहावं, एकाच जागी सगळा जोर पडू नये.

दामल्यांकडे काल तिला दिसलं की दोनपैकी एक जाळी पाणी ओढतच नव्हती. सगळा जोर दुसरीवर होता आणि तिचा एक कोपरा तुटला होता. नीलमने पंप बंद केला आणि रुचिरा दामलेला स्पष्ट सांगितलं, “मॅडम, दुरुस्ती होईपर्यंत हे चालू करायचं नाही. मुलं पाण्यात असताना तर अजिबात नाही.”

“उद्या रसिकाचा वाढदिवस आहे हो,” रुचिरा म्हणाली होती. “नऊ मुलं येतायत. पाण्यात खेळायचं म्हणूनच तर बोलावलंय.”

“खेळू दे. पंप बंद असला की काही धोका नाही.”

पण काल संध्याकाळी आंधी आली. दिल्लीत मे महिन्यात येते तशी, पिवळी, दात कचकचवणारी. सगळ्या शहरावर धूळ बसली होती. तलावातही बसली असणार.

नीलमने आपल्या साहेबांना, धीरज सरांना, फोन लावला. पंप फोनवरून सुरू-बंद करायची सोय फक्त ऑफिसकडे होती. तिला नुसते आकडे दिसायचे.

“सर, दामले का पंप किसने चलाया?”

“मैंने. क्लायंट का फोन था, पानी मटमैला है, बच्चे आ रहे हैं. अरे यार, लो स्पीड पे है. दो घंटे में बंद कर दूँगा.”

“सर, मैंने रिपोर्ट में लिखा है. एक ड्रेन बंद है, दूसरे की जाली टूटी है. अभी बंद कीजिए.”

“सोमवार को नई जाली लग जाएगी. तू हर बात का तूफान मत बना, नीलम.” फोन ठेवला गेला.

तिने रुचिराला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून तिने घरमालकिणीला “मैं आती हूँ” एवढंच सांगितलं आणि स्कूटी काढली.

सोहना रोडवर ऊन असं होतं की सिग्नलला कोणी थांबत नव्हतं. नीलमही थांबली नाही. डोक्यात एकच चाललं होतं : पाहुणे अजून आले नसतील. केक आधी कापतील. पोरं बाराच्या आत पाण्यात उतरणार नाहीत.

सोसायटीच्या फाटकाशी गार्डने हात आडवा केला. “मैडम, एंट्री. घर से अप्रूवल आएगा.”

“कल भी आई थी मैं. इमरजेंसी है.”

“फोन नहीं उठा रहे मैडम. दो मिनट.”

तिने पुन्हा स्क्रीनवर नजर टाकली. पाण्याचा ओघ दाखवणारा आकडा दोनशेच्या आसपास होता. तो एकशेनव्वद झाला. मग एकदम चाळीस. मग बारा.

जाळीवर काहीतरी येऊन बसलं होतं.

नीलमने स्कूटी तिथेच आडवी टाकली, दांडीखालून वाकली आणि पळत सुटली. मागून गार्ड ओरडत होता. दामल्यांचं घर दुसऱ्या वळणावर होतं. फुगे बांधलेलं फाटक उघडं होतं आणि आतून येणारा आवाज वाढदिवसाचा नव्हता.

काठावर ओली मुलं एकमेकांना धरून उभी होती. खोल टोकाला रुचिराचे वडील, पद्माकरराव, गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून ओरडत होते, “सुटत नाहीये! सुयश, ओढू नको, सुटत नाहीये!” त्यांच्या पायाशी पाण्याखाली सुयश दामले, रसिकाचा बाप, दोन्ही हातांनी काहीतरी खेचत होता. रुचिरा कपड्यांनिशी पाण्यात उतरत होती.

नीलम तलावाकडे गेली नाही. पंपाच्या खोलीकडे वळली. दाराला कुलूप. मुलं आत जाऊ नयेत म्हणून आजच घातलेलं.

“किल्ली! पंपाची किल्ली कुठाय?”

कोणालाच ऐकू गेलं नाही. ती पोर्चमध्ये धावली. घराचा मुख्य बोर्ड तिथे होता. आचारी दारात उभा होता; तो म्हणाला, “मैडम, सब एसी बंद हो जाएँगे—” तोवर तिने मोठा खटका खाली ओढला होता. घरातलं संगीत थांबलं. पंपाची घरघर एकदोन श्वास रेंगाळली आणि मरून गेली.

आता सुटायला हवं होतं. ती काठावर आली तेव्हा सुयश वर येऊन धापा टाकत होता. “केस... केस आत गेलेत. पीळ बसलाय.”

नीलमने पिशवीतला पाइप कापायचा सुरा काढला आणि उडी मारली.

भंडाऱ्याच्या तळ्यात ती लहानपणी पोहायला शिकली होती. पण पाण्याखाली डोळे उघडायची सवय राहिली नव्हती. क्लोरीनने डोळे जळले. रसिका आडवी तरंगत होती, डोकं तळाशी टेकलेलं, हात सैल. वेणी तुटलेल्या कोपऱ्यातून आत शिरली होती आणि जाळीच्या गजांना तिचे वेढे बसले होते. नीलमने डाव्या हाताचा पंजा मुलीच्या डोक्यामागे घातला आणि सुरा पंजाच्या पलीकडे धरला. एकदा ओढला. दोनदा. ओले केस सुऱ्याखाली निसटत होते. छातीत आग पेटली. तिसऱ्यांदा तिने अंगाचं सगळं वजन मागे टाकलं आणि मुलगी तिच्या हातात आली.

सुयशने रसिकाला वर उचललं. काठावर ठेवली तेव्हा ओठ निळे होते. रुचिराने तिला छातीशी घट्ट धरलं आणि सोडेना.

“मॅडम, खाली ठेवा. सपाट. सोडा तिला!” नीलम ओरडली. कारखान्यात वर्षातून एकदा प्रथमोपचार शिकवायचे. तिने तो रबरी पुतळ्यावरच केला होता. तिने हनुवटी वर केली, नाक दाबलं, तोंडात श्वास भरला. पाच वेळा. मग छातीवर दाब. मोजत, मोठ्याने, म्हणजे घाई होणार नाही. पद्माकरराव तिच्याबरोबर मोजू लागले. त्यांचा आवाज कापत होता पण आकडा चुकत नव्हता.

दुसऱ्या फेरीला रसिकाच्या नाकातून पाणी आलं. मग ती खोकली, ओकली आणि इतकी बारीक रडली की रुचिराला आधी ते कळलंच नाही.

हॉस्पिटलमध्ये तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. फुप्फुसांत थोडं पाणी होतं, दोन दिवस ठेवणार होते, पण मुलगी बोलत होती. नाव विचारलं तर नाव सांगत होती. “मम्मा, माझी चोटी कुठे गेली?” असं तिने दोनदा विचारलं म्हणे.

नीलम बाकावर बसून होती. कपडे अंगावरच वाळले होते. शेजारी धीरज सर येऊन बसले, टॅबलेट मांडीवर घेऊन.

“बच्ची ठीक है, भगवान का शुक्र है,” ते हळू बोलत होते. “देख, कल की रिपोर्ट अभी सिस्टम में ओपन है. इतना लिख दे कि जाली ठीक थी, आज बच्चों ने पैर मार के तोड़ी. पुलिस आएगी. कंपनी में बीस लोगों के घर चलते हैं. तेरा भी.”

“जाली कल टूटी थी, सर.”

“तुझे पता है तू क्या कर रही है?”

“नहीं पता,” नीलम म्हणाली. ते खरंच होतं. तिने टॅबलेट हातात घेतला, कालचा रिपोर्ट जसा होता तसा पाठवून बंद केला आणि टॅबलेट परत दिला. धीरज सर उठून लिफ्टकडे गेले.

थोड्या वेळाने सुयश आला. समोर उभा राहिला. “काल तुम्ही पंप बंद केला होता ना? मग तो सुरू कसा होऊ शकतो? तुमचं काम काय असतं नेमकं?”

“ऑफिसने फोनवरून सुरू केला.”

“हो, पण—” तो थांबला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. “फोन मीच केला होता त्यांना. रुचिरा नको म्हणत होती. ते म्हणाले, आमची इंजिनिअर जास्तच घाबरते.” तो भिंतीला टेकून खाली बसला. जमिनीवरच.

 दुपारपासून मनात अडकलेली एक गोष्ट नीलमने सांगितली.

“सर, पंपाच्या खटक्याला कुलूप लावायचं असतं. दुरुस्ती बाकी असली की आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात. मग ऑफिसलाही सुरू करता येत नाही. मानेसरला मी रोज लावायचे. काल कुलूप माझ्या पिशवीत होतं. मला वाटलं, दुसऱ्याच्या घरात आपण कुलूप कसं लावायचं. मॅडमना वाईट वाटेल.”

सुयश भिंतीला धरून उठला आणि रसिकाच्या खोलीकडे गेला. 

संध्याकाळी पाचला पोलीस ठाण्यातून एक हवालदार आणि एक सब-इन्स्पेक्टर बाई आल्या. हॉस्पिटलच्या एका रिकाम्या केबिनमध्ये त्यांनी नीलमचा जबाब घेतला. बाईंचं अक्षर मोठं होतं. त्या लिहिता लिहिता प्रत्येक वाक्य पुटपुटत होत्या. कालची भेट, बंद पडलेली जाळी, सकाळचा फोन, धीरज सरांचे शब्द, टॅबलेट. मग कुलुपाची गोष्ट.

बाईंनी पेन थांबवलं. “ये ताले वाली बात किसी ने पूछी नहीं आपसे. ये आपके ख़िलाफ़ जाएगी. लिखूँ?”

दाराच्या काचेपलीकडे पद्माकरराव व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते, अजून तलावात उतरले त्याच कपड्यांत.

“लिखिए,” नीलम म्हणाली.

बाईंनी लिहिलं, कागद वाचून दाखवला आणि फिरवून तिच्यापुढे ठेवला. नीलमने देवनागरीत पूर्ण नाव घालून सही केली.