बिनवर्षाची यादी

इलवेनिलने प्रोग्रामच्या दोनशे ओळींत काम उरकलं आणि तिलगवतीच्या पोटात दुखायला लागलं. तेच काम तिने स्वतः बारा वर्षांत साडेतीन हजार ओळींपर्यंत वाढवत नेलं होतं.

काम ऐकायला किरकोळ. तिरुप्पूरच्या कापड रंगवायच्या रंगशाळा आपापल्या रंगांच्या कृती सर्व्हरवर ठेवत. कोइमतूरच्या या कचेरीतला प्रोग्राम सर्व्हरकडे फायलींची यादी मागे आणि त्यातली सगळ्यांत नवी कृती रंगाच्या यंत्राकडे धाडी. पण यादी वाचणं म्हणजे डोक्याला ताप. कुठला सर्व्हर आधी तारीख लिही, कुठला आधी नाव, आणि कुठल्या फायलीच्या नावातच मधे मोकळी जागा. तिलगवतीला एकेकाची खोड पाठ होती. "पल्लडमवाल्याला सांभाळून घ्या, तो तिरसट आहे," असं ती चुलत सासऱ्याबद्दल बोलावं तसं बोले. कचेरीचे प्रमुख देवसहायम सर हसत. "तिलगम्मा आहे म्हणून मला झोप लागते," म्हणत.

आता ते म्हणत, "इलवेनिलला विचारा."

सव्वीस वर्षांची पोर! वेणीत मोगरा माळून यायची, अक्का अक्का करत डब्यातला लिंबूभात पुढे करायची. त्याचाच तिलगवतीला जास्त राग. वाईट वागली असती तर निदान उघड भांडता तरी आलं असतं. "आमची अम्मणी फार हुशार हो," असं तिलगवती चारचौघांत लाडाने म्हणे, आणि घरी गेल्यावर त्या हुशारीपायी तिला जेवण जात नसे.

नोव्हेंबरात जुना प्रोग्राम बंद झाला. पोरीचा नवा प्रोग्राम उघडून वाचायचा म्हणजे तिचं मोठेपण कबूल करणं, म्हणून तिलगवतीने तो वाचला नाही. पण डिसेंबरात तिने एक बनावट यादी त्याला चोरून भरवून पाहिली आणि तिच्या मनात उकळ्या फुटल्या. अलीकडच्या, म्हणजे सहा महिन्यांतल्या, फायलींपुढे सर्व्हर वर्ष लिहीतच नाहीत. महिना, दिवस, वेळ, बस्स. पोरीचा प्रोग्राम तिथे बेलाशक चालू वर्ष धरत होता. म्हणजे जानेवारी लागला की गेल्या डिसेंबरची फाईल येत्या डिसेंबरची ठरणार, सगळ्यांहून नवी, आणि यंत्राकडे जुनाच रंग जाणार.

ही खोट तिलगवतीच्या ओळखीची होती. तिच्या जुन्या प्रोग्राममध्येही तीच होती. दर एक जानेवारीला, सुट्टी असली तरी, ती कचेरीत येई आणि 'जुलै ते डिसेंबर म्हणजे मागचं वर्ष' अशी ओळ हाताने घाली. जूनअखेर ती काढून टाकी. बारा वर्षांत तिने याचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

यंदा एक जानेवारीला ती घरीच बसली. इलवेनिलला सांगावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. पडू दे एकदा तोंडावर. सरांना कळू दे कुणाची किंमत काय ती.

चार तारखेला रंगशाळेतून फोन आला. गर्द हिरवं व्हायचं चारशे किलो कापड पोपटी होऊन बाहेर पडलं होतं. सरांनी दोघींना खोलीत बोलावलं.

"झालं काय, तिलगम्मा?"

कितीतरी दिवसांनी ती हाक आली. तिलगवतीने सावकाश सगळं उलगडून सांगितलं, वर्ष कसं गळलं, डिसेंबर पुढे कसा गेला. "हुशारी आहे अम्मणीत, पण सर्व्हर म्हणजे काही कॉलेजचा पेपर नाही, सर."

सर मान डोलावत होते, अगदी पूर्वीसारखी. तिला इतकं बरं वाटलं की कापडाची आठवणही राहिली नाही.

"एवढंही तपासता आलं नाही तुला?" सर इलवेनिलवर कडाडले.

पोरीचा चेहरा रडवेला झाला. "सर, बाकी सगळं मी लिहिलं. तारखेच्या तेवढ्या तीन ओळी अक्कांच्या आहेत. जशाच्या तशा घेतल्या." तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्या ओळींच्या डोक्यावर तिची टीप होती: 'तिलगवती अक्कांचं. बारा वर्षं बिनचूक चाललंय. हात लावू नये.'

तिलगवतीने ती दोनदा वाचली.

"मग बारा वर्षं हे चाललं कसं?" सरांनी विचारलं.

"दर जानेवारीला मी येऊन हाताने एक ओळ घालत होते."

"कायमचं दुरुस्त का नाही केलंस?"

"दहा मिनिटांचं काम होतं, सर. पण मग माझ्यावाचून तुमचं काय अडलं असतं?"

इलवेनिलने ओढणीने डोळे पुसले. तिला अजून काही उमगलं नव्हतं, आणि म्हणूनच तिने काळजीने विचारलं, "मग यंदा का नाही आलात, अक्का? बरं नव्हतं का तुम्हाला?"

'हो' म्हटलं असतं तर पोरीने लगेच विश्वास ठेवला असता.

"चांगली धडधाकट होते, अम्मणी," तिलगवती म्हणाली. "तुझी फजिती बघायची होती मला."