मंगळवारचा हार

"उसळला! माझा झरा उसळला!"

पुढच्या रांगेतला एक गृहस्थ खुर्चीतून अक्षरशः उडाला. गळ्यात सॉफ्टवेअर कंपनीचं ओळखपत्र तसंच. महादेवपुऱ्याहून ऑफिस सुटल्या सुटल्या थेट आलेला दिसत होता. त्याने फोनवर अंगठा दाबून धरला होता आणि फोनमध्ये एका काळ्याभोर दगडी कुंडातलं पाणी बुडबुड करत वर येत होतं. त्याच्या बायकोने तिथल्या तिथे फोनलाच नमस्कार केला. मग डावीकडून कुणी ओरडलं, मागून कुणी ओरडलं, आणि बघता बघता बेंगळूरच्या जयनगरमधला तो अख्खा कल्याणमंटप, लग्नाचा हॉलच तो, "उसळला, उसळला" करू लागला. दारावरचा वॉचमन उशिरा आलेल्यांना "स्वल्प जरगी, स्वल्प जरगी", जरा सरका, म्हणत दाटीवाटीने आत सरकवत होता.

मंचावर अवधूतजी. पांढरा कुर्ता, कानाला माइक, मागे भिंतभर पडद्यावर तोच झरा. कुंडाच्या कठड्यावर ताज्या झेंडूचा भला मोठा हार.

"बंधुभगिनींनो," अवधूतजी म्हणाले, "पुण्यातली भरल्या पगाराची नोकरी मी का सोडली? कुंभगाळी! सीमेवरच्या जंगलातलं गाव, नकाशावर शोधून सापडत नव्हतं. त्याला आपण क्लाउडवर नेलं. हा झरा थेट, लाइव्ह, आत्ता या क्षणी तुमच्या हातात आहे. रुग्णाचं नाव घ्या, अंगठा ठेवा. श्रद्धा पोहोचली की झरा उसळेल. ज्याचा उसळला त्याला बोलावणं आलं. मग आमची सहल आहेच!"

टाळ्या पडल्या. मला घाम फुटला, संतापाने.

मी प्रमोदिनी. जन्मभर जयनगरच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवलं. अहो, झरा एक, वेळ एक. माझ्या डावीकडच्या बाईच्या फोनमध्ये पाणी गप्प आणि उजवीकडच्या माणसाच्या फोनमध्ये तेच पाणी उकळतंय. लाइव्ह म्हणतात ना याला? मग एकाच कुंडातलं पाणी एकाच क्षणी शांत आणि खवळलेलं कसं असेल? इतक्या पदव्या त्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, पण एकीलाही हा प्रश्न पडला नाही. डावीकडची बाई बिचारी "माझीच श्रद्धा कमी पडतेय" म्हणून डोळे पुसत होती. पुसत होती आणि पुन्हा अंगठा दाबत होती.

मी तिथे हौसेने गेले नव्हते. आमच्या खालच्या मजल्यावर प्रतिमा राहते. नवरा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर, घरात सासू कृष्णाबाई आणि तिसरीतली मुलगी निधी. निधीला फिट्स येतात. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या होत्या, चुकवायच्या नाहीत असं बजावून. गोळ्यांवर पोर छान होती. जिन्यात माझ्याशी लंगडी खेळायची. आणि या अवधूतने सांगितलं की औषधाने झऱ्याची वाट अडते. झालं! गोळ्यांचा डबा कपाटावर गेला.

मी प्रतिमाच्या स्वयंपाकघरात उभी राहून भांडले. "अगं, अचानक बंद करायच्या नसतात त्या! पोरीच्या जिवाशी खेळ आहे हा."

"अक्का, अजून किती वर्षं गोळ्या म्हणून विचारलं तर डॉक्टर नीट सांगत नाहीत," ती म्हणाली. "आणि झरा तर आईंच्या गावचा आहे."

इथेच सगळी गोम होती. कृष्णाबाई मूळच्या कुंभगाळीच्या. लग्न होऊन बेंगळूरला आल्यापासून "तुमचं गाव कुठलं" विचारलं की त्या नाव सांगत, आणि समोरचा "ते कुठं आलं?" म्हणे. उभा जन्म हेच. आता तेच गाव दुकानदाराच्या फोनमध्ये, रिक्षावाल्याच्या फोनमध्ये. म्हातारी हरखून गेली होती. तिच्या हरखण्यावर मी कशी रागावणार? ज्याने ते हरखणं विकायला काढलं, त्याच्यावर मात्र मी आजही रागावलेली आहे.

पोरीला एकटं सोडवेना म्हणून मीही त्यांच्यामागोमाग मंटपात गेले, आणि त्या मंगळवारी संध्याकाळी अवधूतने निधीलाच मंचावर बोलावलं. कुंभगाळीची नात म्हणून. कृष्णाबाई आणि प्रतिमा दोघी बरोबर चढल्या. कृष्णाबाईंच्या फोनवर पोरीने अंगठा ठेवला. पाणी हललं नाही. पुन्हा ठेवला. पाणी उसळलं, मंटप ओरडला, आणि निधी ताठ होऊन खाली कोसळली.

हातपाय झटके देऊ लागले, डोळे वर गेले, तोंडातून फेस.

"आली! देवी आली!" लोक हात जोडून उभे राहिले. हो, उभे राहिले! एक पोर समोर तडफडतेय आणि सुशिक्षित माणसं हात जोडतायत. कुणी कुंकू काढलं, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं.

"हात लावू नका!" अवधूत माइकवर ओरडला. "झरा तिच्यातून वाहतोय!"

"झरा गेला खड्ड्यात!" मी म्हणाले, आणि कशी मंचावर चढले मला आठवत नाही. गुडघे माझे कुरकुरतात, पण त्या दिवशी नाही कुरकुरले. पोरीला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं, डोक्याखाली माझी शाल सारली. तोंडात किल्ली घालायला आलेल्या एकाचा हात झटकला. "लांब व्हा. हवा येऊ द्या. फिट आहे ही, देवी नाही. औषध तोडल्यावर येते ती फिट!"

झटके थांबले. निधी मलूल पडून राहिली, श्वास नीट चालू होता. प्रतिमा रडत तिला उचलू लागली, तर कृष्णाबाईंनी तिचा हात धरला. "थांब गं. देवीनं धरलंय पोरीला. मध्येच उठवू नये."

एवढ्यावर अवधूतने गप्प बसायला हवं होतं. पण बोलून खाणारा माणूस, गप्प कसा बसेल?

"बरोबर बोललात, अक्का!" तो म्हणाला. "पडद्यावर बघा. आज पहाटेच आमच्या पुजाऱ्याने निधीच्या नावाने हा हार घातलाय. देवीने तो स्वीकारला!"

कृष्णाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"आज?" त्या म्हणाल्या. "आज घातला?"

"आजच. पहाटे. ताजा आहे बघा."

"आज मंगळवार आहे," कृष्णाबाई म्हणाल्या. "जत्रेआधीचा. आमचा वार."

त्याला ओ की ठो कळलं नाही. तो आपला हसत राहिला. मला ठाऊक होतं, कारण कृष्णाबाई दर वर्षी या मंगळवारांना बेंगळूरमध्येसुद्धा नळाला हात लावत नाहीत, पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवतात. जत्रेआधीचे मंगळवार गाव पाळतं. झऱ्याच्या वाटेवर काटेरी फांदी आडवी पडते. त्या दिवशी पुजारीदेखील पलीकडे पाऊल टाकत नाही. मला वार-बीर पटत नाहीत, स्पष्ट सांगते. पण गाव ते खरोखर पाळतं ही गोष्ट खरी, आणि या शहाण्याने गावाचा झरा विकायला काढला, गावाची रीत विचारायची तसदी घेतली नाही.

कृष्णाबाईंनी प्रतिमाचा हात सोडला. "तू पोरीला दवाखान्यात ने. पळ. मला इथं काम आहे."

आमच्या गल्लीतला रिक्षावाला मंजुनाथ बाहेरच उभा होता. प्रतिमा त्याच्या रिक्षात पोरीला घेऊन गेली. कृष्णाबाईंनी मंचावर उभं राहूनच गावी भावाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. अवधूतचा माइकवाला पोरगा कुतूहलाने जवळ आला, मी त्याच्याच हातातला माइक फोनपुढे धरला.

"पिराजी, आज झऱ्यावर कोण गेलंय रे? हार कुणी घातला?"

"अक्का, डोकं फिरलंय काय तुझं?" पिराजीचा आवाज मंटपभर घुमला. "आज वार. वाटेवर काटी लावलीया. कोण जातंय तिकडं?"

"इथं फोनवर झरा दिसतोय. आत्ताचा म्हणतात."

"आत्ताचा? झऱ्यापाशी रेंज कुठली? तुझ्याशी बोलायला मी माळावर येऊन उभारलोय. शिमग्याला पुण्याची पोरं आलती, तवाचं असंल ते. गावाची जाहिरात करतो म्हणाली, पर्यटन वाढंल म्हणाली. पंक्चरवाल्याची हवा भरायची मशीन आणली, नळी कुंडात सोडली, बुडबुड करून फिल्लम काढली. हार माझ्या बायकोनंच ओवून दिलता की."

अवधूतने माइक हिसकायला हात पुढे केला. "तांत्रिक गैरसमज आहे. गावकऱ्यांना लाइव्ह फीड म्हणजे काय ते..."

"मला कळतं ना," मी म्हणाले. "शिकवते मी तुम्हाला." कृष्णाबाईंचा फोन घेतला, कॉल संपवला, फ्लाइट मोड लावला, वायफाय बंद केलं, आणि पुढच्या रांगेतल्या त्या ओळखपत्रवाल्याला वर बोलावलं. "तुम्ही या क्षेत्रातले ना? तपासा. नेट आहे?"

"नाही," तो म्हणाला.

"आता झरा उघडा. दाबा अंगठा."

त्याने दाबला. पाणी नुसतं संथ हलत राहिलं. "पाहिलंत?" अवधूत म्हणाला. "पुन्हा दाबा," मी म्हणाले. त्याने पुन्हा दाबला. पाणी उसळलं. बुडबुड, बुडबुड, नेटशिवाय. त्या माणसाचा चेहरा पडला. "दोन क्लिप आहेत," तो पुटपुटला. "फोनमध्येच उतरलेल्या. मध्येच कधीतरी दुसरी लागते." मग स्वतःशीच म्हणाला, "मी रोज हेच काम करतो हो."

"मग आज काय डोकं ऑफिसात ठेवून आलात?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

आणि अवधूत काय म्हणाला ऐका. "ॲपच्या अटींमध्ये आम्ही लिहिलंय, हा प्रतीकात्मक अनुभव आहे म्हणून. आमच्यावर काही येत नाही."

प्रतीकात्मक! पोर मंचावर तडफडली ती प्रतीकात्मक? माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते शाळेत मी कधी उच्चारू दिले नाहीत. मंटप एवढा खवळला की अवधूतजी मागच्या दाराने निघाले, पण तिथे वॉचमनने त्यांना धरलं. पोलीस आले. दुसऱ्या दिवशी आम्ही रीतसर तक्रार दिली, आणि ओळखपत्रवाल्याने त्या दोन क्लिप तक्रारीसोबत जोडून दिल्या. तरी त्या संध्याकाळी मंटपातून बाहेर पडताना एकजण मला म्हणालाच, "मॅडम, श्रद्धेचा प्रश्न आहे, इतकं बोलायला नको होतं." त्याला उत्तर द्यायला मी थांबले नाही, दवाखान्यात जायचं होतं.

निधी वाचली. डॉक्टर प्रतिमाला फार बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "गोळ्या बंद करायचं मनात आलं तर आधी मला विचारा." कृष्णाबाई मात्र पोरीच्या पायाशी बसून राहिल्या होत्या. "माझ्या गावाच्या नावानं," त्या एवढंच म्हणत होत्या. "माझ्या गावाच्या नावानं केलं गं त्यानं."

त्या गावाला माणसं जायला हवीत, हे मलाही वाटतं. पिराजीने दोन खोल्या पाहुण्यांसाठी लिंपून ठेवल्यात, तिकडे कुणी फिरकत नाही. मोटारी झऱ्यापर्यंत येतात, पाण्यात बाटल्या टाकतात आणि परत जातात. तर फोनने रस्ता दाखवावा, एसटी किती वाजता सुटते ते सांगावं, भाकरी कुणाच्या घरी मिळते ते दाखवावं. एवढं केलं तरी कुंभगाळीचं भलं होईल. आणि फोन रोग बरा करतो म्हणाला, तर नेट बंद करून बघा, तिथल्या माणसाला विचारून बघा, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणाच्याही सांगण्यावरून कपाटावर ठेवू नका. हात जोडून सांगत नाही, ओरडून सांगते.

त्याच रात्री घरी आल्यावर निधीने आजीला विचारलं, "आजी, तो झरा खोटा आहे का गं?"

"झरा खरा आहे," कृष्णाबाई म्हणाल्या. "चांगलं गोड पाणी आहे. तहान लागल्यावर प्यायचं."

मग त्यांनी स्टुलावर चढून कपाटावरचा डबा खाली काढला, आणि नळाचं पाणी पेल्यात घेतलं. मंगळवार अजून संपला नव्हता.

"आ कर," त्या म्हणाल्या.