सगळी मदार साडूभाऊंवर

“पायरी!”

साडूभाऊंनी सांगितलं तेव्हा माझी टाच तिच्यावर आपटून झाली होती.

“आधी सांगा हो! ठेच लागल्यावर कसल्या बातम्या देता?”

“तुझंच लक्ष नसतं, लेका.”

लक्ष? माणसाएवढा आरसा, मी वरच्या टोकाला, तोंड त्यांच्याकडे, जिना चढायचा उलटा. माझ्या पाठीला काय डोळे आहेत? ते बघणार, मी चढणार, असाच आमचा काचा बसवायचा धंदा चाललाय. हल्ली त्यांना नीट दिसत नाही, आणि डोळे दाखवून या म्हटलं की अंगावर येतात. थोरली मेहुणी त्यांच्या घरात, त्यामुळे जास्त बोलायची सोय नाही. म्हणून आज खात्री करायला मी अर्धी मिशी भादरून आलो. समोरासमोर बसून चहा प्यायलो. गृहस्थ ढिम्म!

वर दारात गिऱ्हाईक उभं. भाषा शिकवून निवृत्त झालेल्या बाई.

“जपून हं!”

मी मान मागे वळवली. “काळजी नको, बाई. सगळी मदार साडूभाऊंवर.”

“मदार!” बाई खुलल्या. “कुठला शब्द, माहितीये? अरबीतला. ज्याभोवती फिरायचं ती जागा, म्हणजे मदार. आस म्हणा ना. चाक बिनघोर गरगरतं, कारण मधला आस...”

“बाई, हात भरून आलेत हो!”

“...जागचा ढळत नाही. आणि अहो, तुमची अर्धी मिशी कुठं गेली?”

मेलो! हे मला एकट्यात, त्यांना चिडवून चिडवून सांगायचं होतं.

साडूभाऊंनी आरशाच्या कडेवरून मान पुढे काढली. डोळे बारीक केले. आणखी बारीक केले.

“कधी काढलीस?”

“सकाळी.”

“चहाच्या आधी?”

“आधी.”

मी आरशाची पकड उगाचच बदलली.

“उद्यापासून दुसरा कोणी बघ,” ते म्हणाले. “आज एवढा पोचवू.”

“पोचवू की. तुम्ही सांगत राहा.”

जिना संपला. आत खोली, भिंतीपर्यंत सपाट फरशी. मापं घ्यायला मीच येऊन गेलो होतो. साडूभाऊंनी घसा खाकरला आणि मोठ्यानं, अगदी वेळेत म्हणाले,

“पायरी!”

बाई काहीतरी बोलायला गेल्या. मी त्यांच्यावर डोळे वटारले. पाय चांगला उंच उचलला, जपून टेकवला.

“चढलो,” म्हटलं. “आता?”