सगळे उतरल्यावर

कंडक्टरबाईंनी एकतीस वर्षं बसमध्ये उभ्याने काढली, पण विमानात पाऊल ठेवायचा योग आला तो निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, आणि तोही अशा घाईत की विचारू नका. लेक लांबच्या देशात, जावई मालवाहू जहाजावर, आणि जहाज किनाऱ्याला लागायला अजून तीन आठवडे. अशात डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख एकदम अलीकडे ओढली. गुरुवारी सकाळी अकराला सिझेरियन. लेकीजवळ दुसरं माणूस नाही. फोनवर ती रडली नाही की काही नाही, एवढंच म्हणाली, "आई, मला आत नेतील तेव्हा तू हवीस. नंतर नको, तेव्हा."

आता हे 'नंतर नको' कुठून आलं ते बाईंना न सांगता कळलं. लेकीच्या लहानपणी त्या सगळीकडे पोचल्या होत्या, पण कार्यक्रम आटोपल्यावर. पोहण्याच्या शर्यतीला पोचल्या तेव्हा पोरगी केस पुसत बाकावर बसली होती. टॉन्सिलच्या ऑपरेशनला पोचल्या तेव्हा ऑपरेशन होऊन ती आइस्क्रीम खात होती. बस वेळेवर डेपोत आली तर आईही वेळेवर, असा त्या घराचा हिशोब. लेकीने कधी चकार शब्द काढला नाही, आणि बाईंना तेच जास्त लागायचं.

तिकीट मिळालं ते दोन विमानांचं. पहिलं अकरा तासांचं, मध्ये एका मोठ्या विमानतळावर एक तास चाळीस मिनिटं, मग दुसरं आठ तासांचं. दुसरं चुकलं तर पुढचं थेट दुसऱ्या दिवशी. म्हणजे झालंच, पुन्हा आइस्क्रीम.

लेकीने फोनवर एकेक सूचना सांगितली आणि बाईंनी वहीच्या कागदावर उतरवून घेतली. एकूण सतरा. बूट सैल घाल, पाय सुजतात. दर दोन तासांनी उठून फेरी मार. पाणी पीत राहा, बाथरूमला जावं लागेल म्हणून तहान मारत बसू नकोस. (ही मात्र बरोबर वर्मावर बसली. बसवरच्या बायका दिवसभर पाणी न पिता कशा राहतात ते लेकीने पाहिलेलं.) कान दडले तर आवंढा गिळ. मधल्या विमानतळावर बॅग शोधत हिंडू नकोस, ती आपोआप पुढच्या विमानात जाते. तिथे पुन्हा एकदा तपासणी होते, घाबरू नकोस. गेटचा नंबर पाटीवर बघ, तो बदलतो. सतरा सूचना, आणि एक राहून गेली: विमान थांबलं की उतर. पण ही सूचना कोण कशाला सांगेल? धडधाकट माणसाला उतर म्हणून सांगावं लागतं का?

विमानात बाईंना अडतिसावी रांग मिळाली, शेपटाकडची. खिडकीशी एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं की ते बहिणीकडे निघालेत आणि पुढचं विमान तुमचं तेच आमचं. बाईंना केवढा आधार वाटला. चला, सोबत झाली. सोबतीने लगेच बूट काढले, मान टाकली आणि जे घोरायला सुरुवात केली ते जेवणाचा ट्रे आल्यावरच थांबले. जेवण झाल्यावर पुन्हा सुरू. बाई आपल्या कागदाबरहुकूम चालत राहिल्या. पाणी प्यायल्या, फेऱ्या मारल्या, आवंढे गिळले. फेरी मारताना दोन्ही बाजूंच्या माणसांवरून नजर फिरवायची सवय काही जाईना, पण तिकीट मात्र कुणाला मागितलं नाही, हेच खूप.

विमान अर्धा तास उशिरा उतरलं. दुपारी निघाल्या होत्या, अकरा तास उडाल्या, तरी खाली आत्ताशी रात्र पडत होती. थांबल्याबरोबर सगळे ताडकन उठले, वरची कपाटं उघडली, एकमेकांच्या डोक्यावर पिशव्या उतरवू लागले. लिफ्टवाले म्हणाले, चला ताई. बाई म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच.

आणि बसून राहिल्या.

त्यांचाही इलाज नव्हता. गाडी शेवटच्या थांब्याला लागली की कंडक्टर सगळ्यांच्या शेवटी उतरतो. आधी माणसं, मग सगळ्या सीटांवर आणि सीटांखाली एक नजर, मग आपण. एकतीस वर्षं एक दिवस चुकला नाही. छत्र्या, डबे, एकदा तर दातांची कवळी, सगळं त्यांच्या नजरेने शोधलेलं. हे विमान आहे, आपण इथल्या कुणी नाही, हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नाही.

शेवटचं माणूस पुढे सरकल्यावर त्या उठल्या. वाकून सीटखाली पाहिलं, समोरच्या खिशांत हात घातला. लिफ्टवाल्यांच्या खिशात पासपोर्ट निघाला. फोटोत ते जागे होते, म्हणून ओळखायला क्षणभर लागला.

बाईंनी तो हवाई सुंदरीच्या हातात दिला. इथे तरी निघावं की नाही? नाही. बस खात्यात सापडलेली वस्तू नुसती दिली असं होत नाही, नोंद लागते. बाईंनी तिला कागद काढायला लावला. कुठली रांग, कुठली सीट, वस्तू कुणाची, त्याचं पुढचं विमान कोणतं, सापडली किती वाजता. ती बिचारी दमलेली, पण बाईंचा सूरच असा की तिने मुकाट्याने सगळं लिहिलं. किती वाजता लिहायचं म्हणून तिने घड्याळ पाहिलं आणि बोलून दाखवलं, तेव्हा बाईंनी मनातल्या मनात हिशोब केला. दुसरं विमान सुटायला चाळीस मिनिटं उरली होती.

मग बाई धावल्या. गुडघे कुरकुरत होते, तिकडे कोण बघतो. पाटी शोधली, गेट बदललेलं. सरकत्या पट्ट्यावर लोक निवांत उभे, त्यांच्यातून वाट काढत निघाल्या. गर्दीतून पुढे सरकणं तरी त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तपासणीला ही लांब रांग. समोर एक जोडपं बाळाची गाडी घडी करतंय, ती काही केल्या मिटेना. बाईंच्या कपड्यांना चार पिना, चारही वाजल्या. प्रत्येक पिनेगणिक त्यांना लेकीचा चेहरा दिसत होता, आणि स्वतःचा इतका राग आला की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. परक्यांच्या पिशव्या सांभाळता सांभाळता पोरगी राहिली, तेव्हाही आणि आजही. हे कुणी म्हणालं नाही, त्याच मनात म्हणाल्या.

गेटवर पोचल्या तेव्हा दार बंद होतं.

काचेतून विमान दिसत होतं, जागेवरच. टेबलामागची मुलगी फोनवर होती. तिने बोर्डिंग पास पाहिला आणि मान हलवली. दार बंद झाल्यावर घेता येत नाही, सात मिनिटं झाली. बाईंना भांडता आलं असतं. एकतीस वर्षांत भांडणाचा सराव काही कमी नव्हता. पण बेल मारल्यावर मागून धावत येणारी माणसं त्यांनी स्वतः किती सोडली होती. नियम तो नियम, असं त्यांच्या तोंडावर म्हटलेलं. आता त्या दाराच्या बाहेरून बघत होत्या. शेवटी तोंडातून एवढंच निघालं, "उद्या माझ्या लेकीचं ऑपरेशन आहे. तिच्याजवळ कुणी नाही."

मुलीने खुर्चीकडे बोट केलं, बसा म्हणून.

तिथे आधीच एक जण डोकं धरून बसले होते. लिफ्टवाले. या शेवटच्या दारात पासपोर्ट दाखवायला खिशात हात घातला तर पासपोर्ट नाही. आणि माणूस येत नसेल तर त्याची बॅग विमानाच्या पोटात ठेवत नाहीत, म्हणून खाली शेकडो बॅगांतून त्यांची आणि बाईंची बॅग शोधणं चाललं होतं. विमान त्यासाठी थांबलेलं. बाईंनी त्यांना पासपोर्टाचं सांगितलं. मग उठून टेबलाशी जाऊन तेच पुन्हा सांगितलं. मुलगी म्हणाली, माहीत आहे, आत्ताच फोन आला, तुमच्या आधीच्या विमानातून सगळं व्यवस्थित लिहून पाठवलंय, विमान कोणतं तेसुद्धा. माणूस घेऊन निघालाय.

चार मिनिटं गेली. ती चार मिनिटं बाई उभ्याच होत्या. मग लांबून एक छोटी गाडी वाजत वाजत आली, गाडीवाल्याने पासपोर्ट टेबलावर ठेवला, मुलगी फोनवर दोन वाक्यं बोलली आणि दार उघडलं. लिफ्टवाले आत गेले. बाई जागीच. त्यांना वाटलं, दार त्यांच्यासाठी उघडलंय, आपल्यासाठी नाही.

"या ना," मुलगी म्हणाली. "दार उघडलंच आहे, तर दोघांना उघडलंय."

बाईंचा जीव भांड्यात पडला. इतका की त्या धड आभारही मानू शकल्या नाहीत, फक्त तिचा हात दाबला. आता कुणी म्हणेल, पाहा, चांगुलपणाचं फळ मिळालं. कसलं फळ? चारचौघांसारख्या उतरल्या असत्या तर आरामात चहा घेऊन बसायला मिळालं असतं. तो गृहस्थ मात्र मागे राहिला असता, हेही खरं. बाईंनी स्वतः यावर फार डोकं चालवलं नाही. सीटवर बसल्या, पट्टा लावला आणि आठ तासांपैकी सहा तास अशा झोपल्या की यावेळी लिफ्टवाले जागे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. लेक पलंगावर बसली होती, हिरवा झगा घालून, केस टोपीत. आईला पाहून तिने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

"अजून दीड तास आहे," ती म्हणाली, जणू चूक तिच्याच हातून झाली होती.

"मग बसू की," बाई म्हणाल्या, आणि तिचे गार पाय मांडीवर घेऊन चोळू लागल्या. लेक हसायला गेली आणि तिला रडू आलं. महिनाभर अडवून धरलेलं रडू असं आलं की शेजारच्या पलंगावरची बाई वळून बघायला लागली. बाईंनी रडू दिलं. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण हात काही थांबला नाही.

पावणेअकराला नर्स ढकलखुर्ची घेऊन आली. हातातल्या फॉर्मवर एक चौकट रिकामी होती. तिने पेन काढून विचारलं, बरोबर कोण आहे?

"आई," लेक म्हणाली. "कधीची आली आहे."